गोणीवरचा पालाश आणि गोणीत नसलेला ऑक्सिजन

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. रासायनिक सूत्रं मी जशी बोललो तशीच इथे लिहिली आहेत. म्हणजे 'के टू ओ' म्हटलं की के, त्याच्या पायाशी छोटा २, आणि मग ओ. लोकलमध्ये उभे राहून ऐकणाऱ्यांनी डोळे मिटून तसं चित्र काढायचं.

आजची गोष्ट माझ्या एका चुकीपासून सुरू होते. चूक साधी नव्हे, साडेतीन गोण्यांची.

आमचं गाव कडाव, तालुका कर्जत. बालदिगंबर गणपतीसाठी आलेले पाहुणे आमच्या गावाला ओळखतात, बाकीचे माथेरानला जाताना कर्जत-नेरळपर्यंत येऊन थांबतात. घरची शेती भाताची. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे शेतीतलं माझं योगदान म्हणजे शनिवारी येऊन सल्ले देणं. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मला वाटलं, बाबा अंदाजाने खत टाकतात, आपण जरा शास्त्र आणूया. एक्सेल शीट बनवली.

सुधारित भातासाठी आपल्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १००:५०:५० अशी आहे. नत्र १०० किलो, स्फुरद ५०, पालाश ५०. एकराला साधारण ४०:२०:२०. इथपर्यंत ठीक. मग मी गोणीवरचं बारीक अक्षर वाचलं. सिंगल सुपर फॉस्फेटवर १६ टक्के लिहिलेलं असतं, पण ते फॉस्फरसचे १६ टक्के नसतात, ते 'पी टू ओ फाइव्ह म्हणून' मोजलेले असतात. आणि पी टू ओ फाइव्हमध्ये फॉस्फरस वजनाने फक्त ४३.६ टक्के. बाकी सगळा ऑक्सिजन. मी मनात म्हटलं, अरे, म्हणजे इतकी वर्षं सगळे निम्म्याहून कमी स्फुरद टाकतायत! २० किलो स्फुरद हवं, तर पी टू ओ फाइव्ह हवं ४५.८ किलो, म्हणजे सुपरच्या जवळपास पावणेसहा गोण्या. शीटने आकडा हिरव्या रंगात दाखवला. हिरवा रंग मीच सेट केला होता.

बाबांनी आकडा बघून एकदाच विचारलं, "एकराला सहा गोणी सुपर? नक्की का रं?" मी म्हटलं, "बाबा, कॅल्क्युलेशन आहे ते." त्यांनी परत विचारलं नाही. गोण्या टेम्पोतून उतरल्या आणि चिखलणीच्या वेळी खाचरात गेल्यासुद्धा.

पुढच्या रविवारी चुलत बहीण घरी आली. अकरावी सायन्सला आहे, आणि तेव्हा ऑक्सिडीकरण अंकाचा धडा चालू होता, त्यामुळे जे दिसेल त्याचे अंक काढत बसायची. पडवीत लाल पोटॅशची, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची, अर्धी गोणी उरलेली होती. तिने गोणी वाचली आणि मला विचारलं, "दादा, याचा फॉर्म्युला केसीएल ना? पोटॅशियम क्लोराइड? मग यावर के टू ओ ६० टक्के कसं लिहिलंय? केसीएलमध्ये ऑक्सिजन कुठाय?"

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. नाहीये. केसीएलमध्ये ऑक्सिजनचा एक अणूसुद्धा नाहीये.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोणीवरचं स्फुरद हे पी टू ओ फाइव्हमध्ये मोजलेलं असेल, तर विद्यापीठाच्या शिफारशीतलं स्फुरदही त्याच मापात मोजलेलं असणार. आणि तसंच आहे. शिफारशीतले ५० किलो म्हणजे ५० किलो पी टू ओ फाइव्ह. एकराला २० किलो, म्हणजे सुपरचे १२५ किलो, म्हणजे अडीच गोण्या. बाबा दरवर्षी अडीचच टाकतात. मी एकाच रकमेचं दोनदा चलन बदलून घेतलं होतं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." एवढंच. त्यांनी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी रात्री बसून शोधायला लागलो की गोणीवर नसलेली वस्तू लिहायची ही पद्धत आली कुठून. आणि मंडळी, ती गोणी म्हणजे इतिहासाचं म्युझियम निघाली.

आधी दोन मिनिटं बहिणीचा धडा, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आयनिक संयुगाचं सूत्र लिहायचं तर प्रत्येक घटकाचा ऑक्सिडीकरण अंक माहीत हवा, आणि एकच अट पाळायची: सगळ्यांची बेरीज शून्य. पोटॅशियम नेहमी अधिक १. क्लोराइड उणे १. एकास एक, हिशोब मिटला, केसीएल. ऑक्साइड उणे २. त्याच्याबरोबर पोटॅशियम दोन लागतील, म्हणून के टू ओ. आता फॉस्फेट. पीओफोर या गटावर एकूण उणे ३. त्यात चार ऑक्सिजन, प्रत्येकी उणे २, म्हणजे उणे ८. एकूण उणे ३ यायला फॉस्फरस अधिक ५ हवा. कॅल्शियम अधिक २, फॉस्फेट उणे ३, तर लसावि सहा: तीन कॅल्शियम, दोन फॉस्फेट. हाडांची भुकटी मुख्यतः याच जातीची. सुपर फॉस्फेटमध्ये मात्र फॉस्फेटवर दोन हायड्रोजन येऊन बसतात, गटाचा भार उणे ३ वरून उणे १ वर येतो, म्हणून एका कॅल्शियमला असे दोन गट. आता पी टू ओ फाइव्ह बघा: पाच ऑक्सिजनचे उणे १०, दोन फॉस्फरसमध्ये वाटले, प्रत्येकी अधिक ५. हाडात अधिक ५, सुपरमध्ये अधिक ५, डीएपीमध्ये अधिक ५, आणि गोणीवरच्या त्या काल्पनिक ऑक्साइडमध्येही अधिक ५. हे लक्षात ठेवा.

आता मागे जाऊ. खूप मागे नको, राबापर्यंत.

कर्जत-खालापूरकडच्या पोरांना राब सांगायला नको. बाकीच्यांसाठी: भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, ऐनाचे नि इतर झाडांचे टहाळ, पालापाचोळा, वर माती, आणि आग. पाऊस पडला की त्या राखेत बी पेरतात. या कवळ तोडण्यावरून १८८०च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकारी जंगल खात्याशी मोठा वाद झाला होता. १८८५ साली मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं आणि १८८७ साली त्याचा अहवाल आला. नंतर १८८९ साली जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्रज कृषी-रसायनशास्त्रज्ञ भारतात आला. त्याने १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली, आणि साहेब लोकांना सल्ला दिला तो असा की इथल्या शेतकऱ्याला अडाणी समजू नका. (ही ओळ बाबांना वाचून दाखवली. मुद्दाम.)

राबाच्या राखेत काय असतं? बरंच काही, पण त्यातलं पाण्यात विरघळणारं म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. कार्बोनेट उणे २, म्हणून पोटॅशियम दोन. युरोपातही लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी भांड्यात आटवून हाच पदार्थ काढायचे. भांडं म्हणजे पॉट, राख म्हणजे ॲश, झालं पोटॅश. आणि आपल्याकडे आयुर्वेदात पळस जाळून काढलेला क्षार जुना आहे. पालाश या शब्दाचा अर्थच 'पळसाचा'. दोन्ही नावं राखेतली.

१८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही नावाच्या माणसाने वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडली आणि पाऱ्यासारखे चकचकीत थेंब बाहेर आले. पाण्यावर टाकले की जळायचे. तो पोटॅशियम धातू. डेव्ही तेव्हा २८ वर्षांचा होता. मी त्याच वयाचा आहे, आणि मी साडेतीन गोण्या जास्त टाकल्या.

पण डेव्हीची दुसरी करामत आपल्या गोणीसाठी जास्त महत्त्वाची. त्या काळी लाव्हाझिएचं म्हणणं प्रमाण मानलं जायचं, की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. ऑक्सिजन या नावाचा अर्थच 'आम्ल करणारा'. मिठापासून निघणाऱ्या आम्लाला म्युरिॲटिक आम्ल म्हणायचे, खारट पाण्याच्या लॅटिन शब्दावरून, आणि त्यातही ऑक्सिजन लपलेला असणार असं धरून चालायचे. क्लोरीन वायूलाही ते ऑक्सिजनवालं संयुगच समजत. १८१० साली डेव्हीने जाहीर केलं की यात ऑक्सिजन नाही, क्लोरीन हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे. म्हणजे म्युरेट हा शब्द तेव्हाच निवृत्त व्हायला हवा होता. पण आमच्या पडवीतल्या गोणीवर तो आजही आहे. म्युरेट ऑफ पोटॅश! वर के टू ओ ६० टक्के! ज्या पदार्थात ऑक्सिजन नाही हे डेव्हीने दाखवलं, त्याच्या नावात जुनी समजूत आणि टक्केवारीत ऑक्साइड. दोनशे वर्षांहून जास्त काळ झाला, कोणी अपडेट टाकलं नाही. आपल्या क्षेत्रात याला लेगसी कोड म्हणतात, आणि त्याला हात न लावण्याचं कारणही तेच असतं: सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता सूत्रांकडे. डाल्टनने १८०८ साली अणूंसाठी गोल गोल चिन्हं काढली होती, कशात टिंब, कशात रेघ. छापखान्याची पंचाईत. १८१३-१४ च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसने सांगितलं, लॅटिन नावाची अक्षरं वापरा. पोटॅशियमचं के तिथून, कॅलियम या नावावरून. आकडे तो वर लिहायचा, ते पायाशी नंतर आले. पण बर्झेलियसने अक्षरांबरोबर एक सिद्धांतही दिला. तो म्हणाला, प्रत्येक क्षार म्हणजे दोन ऑक्साइडची जोडी, एक धन आणि एक ऋण, विजेसारखी एकमेकांना धरलेली. पोटॅशियम सल्फेट म्हणजे पोटॅश अधिक सल्फरचं ऑक्साइड. कॅल्शियम फॉस्फेट म्हणजे चुना अधिक फॉस्फरसचं ऑक्साइड. केसीएलसारखे क्षार या सिद्धांतात नीट बसत नव्हते, पण बाकीच्यांवर काम भागत होतं.

नेमकी याच काळात शेतीच्या रसायनशास्त्राला सुरुवात झाली. १८४० साली जर्मनीच्या लीबिगचं पुस्तक आलं, आणि १८४२ साली इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉजने हाडांवर गंधकाम्ल ओतून सुपर फॉस्फेट करण्याचं पेटंट घेतलं. पिकाला काय लागतं हे शोधायची तेव्हाची पद्धत म्हणजे पीक जाळायचं आणि राख तपासायची. राख ही जळून झालेली, त्यामुळे तिच्यातली मूलद्रव्यं ऑक्साइडच्या हिशोबात मांडणं सगळ्यांना सरळ वाटलं. इतका टक्का पोटॅश, इतका टक्का फॉस्फोरिक ऑक्साइड, इतका चुना. खताचे व्यापारी तोच तक्ता घेऊन बाजारात उतरले.

इथे मला एक प्रश्न पडला होता. पुढे सिद्धांत कोसळला तेव्हा हे तक्ते का नाही कोसळले? कारण १८६० पर्यंत रसायनशास्त्रात सूत्रांचा नुसता गोंधळ होता. पाणी कोणी एचओ लिहायचं, कोणी एच टू ओ. पोटॅश कोणी केओ लिहायचं, कोणी के टू ओ. ऑक्सिजनचं वजन ८ धरायचं की १६, यावर एकमत नव्हतं. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरुहे इथे परिषद भरली, तिथे इटलीच्या कॅनिझारोने आपली १८५८ मधली मांडणी पुढे केली, आणि हळूहळू अणुभार एका रांगेत आले. त्याआधी १८५२ साली फ्रँकलंडने प्रत्येक मूलद्रव्याची जोडण्याची ताकद ठरलेली असते असं सुचवलं होतं. शाळेत आपण जिला संयुजा म्हणतो, ती इथून.

मग तक्ते का टिकले? गणित करून बघितलं. जुन्या पद्धतीत केओ: पोटॅशियम ३९, ऑक्सिजन ८, एकूण ४७. पोटॅशियमचा वाटा ३९ भागिले ४७, म्हणजे ८३ टक्के. नव्या पद्धतीत के टू ओ: ७८ आणि १६, एकूण ९४. वाटा ७८ भागिले ९४. परत ८३ टक्केच! सूत्र चुकीचं होतं पण वजनाचं प्रमाण बरोबर होतं, कारण ते तराजूवर मोजलेलं होतं. व्यापाऱ्याला वजनाशी मतलब. शास्त्रज्ञ भांडत राहिले, गोणीवरचा आकडा हलला नाही.

आणि आजही आकडा चालतो तो आपण मघाशी लक्षात ठेवलेल्या कारणामुळे. सुपरमधला फॉस्फरस अधिक ५, पी टू ओ फाइव्हमधला अधिक ५. फॉस्फरसचे अणू मोजायचे आणि त्यांच्या वाट्याला ऑक्साइडमध्ये जितका ऑक्सिजन येईल तितका कागदावर चिकटवायचा. ऑक्साइड हे खरं तर चलन आहे. तुम्ही डॉलर घरात ठेवत नाही, तरी डॉलरमध्ये किंमत सांगू शकता, तसं. भारताच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातही हेच चलन आहे. आपल्याच जिल्ह्यात थळला कारखाना असलेल्या आरसीएफची सुफला १५:१५:१५ घ्या. ५० किलोच्या गोणीत प्रत्येकी साडेसात किलो लिहिलेलं. त्यात नत्र खरंच साडेसात किलो, कारण नायट्रोजन मूलद्रव्य म्हणूनच मोजतात. फॉस्फरस मात्र ३.३ किलो आणि पोटॅशियम ६.२ किलो. फसवणूक अजिबात नाही, सगळ्यांचं माप एकच आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मात्र ही प्रथा सोडून सरळ मूलद्रव्यात लिहायला सुरुवात केली. तिथली शिफारस आणि इथली गोणी एकत्र केली की माझ्यासारखं होतं.

अजून एक माणूस सांगायचा राहिला. १८८४ साली स्वीडनमध्ये २५ वर्षांच्या अर्‍हेनियसने प्रबंधात लिहिलं की क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे भार असलेले तुकडे होतात, आयन. विद्यापीठाने त्याला जेमतेम पास केलं. १९०३ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. १९१३ मध्ये २३ वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांनी मिठाचा स्फटिक तपासला आणि कळलं की त्यात एका सोडियमची एका क्लोरीनशी लग्नगाठ नाहीच, सगळे आळीपाळीने बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेले आहेत. म्हणजे एनएसीएल हे रेणूचं सूत्र नसून फक्त प्रमाण आहे. हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे ऐंशीच्या घरातले इंग्रज रसायनशास्त्रज्ञ यावर इतके चिडले की १९२७ साली त्यांनी नेचरमध्ये पत्र लिहिलं, मथळ्यातच बिचाऱ्या मिठाची कीव केलेली. पेण-उरणच्या मिठागरातल्या माणसाला हे वाचून मजा वाटली असती. मला विचाराल तर मराठी वर्गात मिठाला सरसकट 'रेणुसूत्र' शब्द वापरणं आता सोडायला हरकत नाही, नुसतं सूत्र म्हणा.

आणि ऑक्सिडीकरण अंक? नावातच ऑक्सिजन आहे, कारण आधी खरंच ऑक्सिजन मोजायचे: धातूने किती घेतला, पहिली पायरी, दुसरी पायरी. १९१९ साली आल्फ्रेड स्टॉकने हा अंक नावातच रोमन आकड्यात लिहायची कल्पना मांडली, आयर्न थ्री, आयर्न टू. १९३८ साली लॅटिमरच्या पुस्तकाने ऑक्सिडेशन स्टेट ही संज्ञा रुळवली. ऑक्सिजन कधीच मागे पडला, नाव राहिलं.

आता राहिला प्रश्न माझ्या साडेतीन गोण्यांचा. गेल्या कुठे?

कोकणची माती लाल, आम्लधर्मी, लोखंडाने भरलेली. विरघळलेलं फॉस्फेट तिथे फार वेळ मोकळं राहत नाही. लोखंड त्याला धरतं. लोखंड अधिक ३, फॉस्फेट उणे ३, एकास एक, एफई-पीओफोर. पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. पैसे मातीत गेले म्हणतात, ते इथे अक्षरशः.

पण भाताचं खाचर हे वरकस जमिनीसारखं नसतं. पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, आणि तिथले जिवाणू श्वासासाठी लोखंडाकडे वळतात. अधिक ३ चं लोखंड अधिक २ होतं. आता बेरीज शून्य करायची तर? तीन लोखंड, दोन फॉस्फेट. तीच दोन मंडळी, पण अंक बदलला म्हणून सूत्र बदललं, आणि या उलथापालथीत धरलेल्या फॉस्फेटमधलं काही सुटून पाण्यात येतं. म्हणून साचलेल्या पाण्यात भाताला मातीतलं स्फुरद जरा जास्त मिळतं. मी टाकलेलं सगळं वाया गेलं नाही, काही पुढच्या हंगामांना थोडं थोडं मिळेल. पैसे मात्र यंदाच गेले.

हे मी बाबांना लावणीनंतर बांधावर उभं राहून सांगत होतो. त्यांनी खाली वाकून एक रोप उपटलं, मुळं पाण्यात खळबळून धुतली आणि माझ्या हातात दिलं. मुळांवर तांबूस गंज. भाताचं मूळ पोकळ देठातून हवा खाली आणतं, बाहेर थोडा ऑक्सिजन सोडतं, आणि भोवतीचं अधिक २ चं लोखंड परत अधिक ३ होऊन मुळावरच बसतं.

"हा गंज आम्ही लहानपणापास्नं बघतो," बाबा म्हणाले. "मुळं अशी तांबडी असली की रोप बरं हाय. काळी पडली की पानी काढायचं."

शीटमध्ये मी आता 'पी टू ओ फाइव्ह' असा स्वतंत्र रकाना केलाय, आणि शेजारी एक रकाना रिकामा ठेवलाय. त्याचं नाव 'बाबांना विचारलं का?'